दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ : हिशोब नेमका कसा मांडायचा?

दूरचा_किनारा

नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा गट आहे. लहान गावातून मोठ्या रुग्णालयात माणूस हलवायची वेळ आली की घरच्यांना प्रवासाचे पर्याय शोधून देतो. रस्त्याचा अंदाज बरोबर येतो. गाडी अडते ती दोन छोट्या विमानतळांमधल्या उड्डाणापाशी.

एक जोडी घेऊ. सरळ रेषेत अंतर २४० किमी. एक संकेतस्थळ म्हणतं उड्डाण १८ मिनिटांचं. दुसरं म्हणतं ४८ मिनिटांचं. वेळापत्रकात सुटणं आणि पोचणं यांत ५५ मिनिटं आहेत, विमान टर्बोप्रॉप (म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारं). अंतराबद्दल सगळ्यांचं एकमत, आणि वेळात मात्र तिपटीचा फरक. यातला कुठला आकडा धरायचा? ज्या मार्गावर ठरलेली सेवाच नाही, तिथे आपला आपण अंदाज बांधायचा तर कसा? आमच्याकडे विचारणारी माणसं आधीच घाबरलेली असतात, त्यांना चुकीचा वेळ सांगणं मला पटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

अक्षवृत्त

वेळेचं वैमानिक लोक सांगतील, मी अंतराचं सांगतो. ते माझ्या कामातलं आहे.

ही संकेतस्थळं दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत लहान अंतर काढतात, म्हणजे बृहद्वृत्तावरचं. बहुतेक जण पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरून हॅवरसाइन सूत्र वापरतात. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे : विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१ किमी, ध्रुवीय ६३५६.८ किमी. तरी गोल धरल्यामुळे येणारी चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. २४० किमीवर फार तर एक-सव्वा किमी. विमानाला त्याने काहीही फरक पडत नाही, त्यामुळे 'अचूक सूत्र कोणतं' या वादात वेळ घालवू नका.

खरी गफलत दुसरीकडे होते. पहिली : काही संकेतस्थळं विमानतळाऐवजी गावाचा मध्य धरतात, आणि छोटा विमानतळ गावापासून वीस-तीस किमी लांब असणं अगदी नेहमीचं आहे. दोन्ही टोकांना असं झालं तर २४० मधले ४० किमी सहज इकडेतिकडे होतात. दुसरी : एकक. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. जमिनीवरचा मैल १.६०९ किमीचा. तुमचे २४० किमी म्हणजे सुमारे १३० नॉटिकल मैल, पण जमिनीवरचे जवळपास १५० मैल. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं की कुठला ते आधी तपासा.

आणि नकाशाच्या पडद्यावर पट्टी लावून मोजू नका. नेहमीच्या मर्केटर नकाशात ६० अक्षांशावर सगळं विषुववृत्ताच्या तुलनेत दुप्पट ताणलेलं दिसतं.

निळी_शाई

मग १८ मिनिटं हा आकडा आला तरी कुठून? २४० भागिले वेग, एवढंच ना?

रात्रपाळी

हो, तेवढंच. २४० किमी भागिले ताशी ८०० किमी, उत्तर १८ मिनिटं. ४८ वाल्यांनी त्यात सरसकट ३० मिनिटं मिळवली आहेत. दोघांनीही मोठ्या जेटचा उंचीवर पोचल्यानंतरचा वेग धरलाय, मार्गावर कुठलं विमान उडतं हे पाहिलेलंच नाही. दुसऱ्यांचं उत्तर ५५ च्या जवळ आलं हा योगायोग आहे, त्यावर विसंबू नका. (मी उड्डाण नियोजनात काम करतो, रोज हेच बघतो.)

टर्बोप्रॉप

सविस्तर लिहितो, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि कारणही. ७० आसनांची टर्बोप्रॉप विमानं मी बरीच वर्षं उडवली आहेत. खालचे आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण समजायला पुरेसे आहेत.

तुमचे १३० नॉटिकल मैल घेऊ. एटीआर ७२ सारखं विमान वर गेल्यावर साधारण २७० नॉटने (नॉट म्हणजे ताशी नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ५०० किमीने जातं. सरळ भागाकार केला तर २९ मिनिटं. पण ते त्या वेगाने फार थोडा वेळ जातं.

दार बंद होऊन विमान हलतं तिथून सुरुवात करा. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत न्यायचा रस्ता, बहुधा नसतो. विमान धावपट्टीवरच शिरतं, उलट दिशेने टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग धाव घेतं. याला आम्ही बॅकट्रॅक म्हणतो. त्या काळात दुसरं विमान उतरूही शकत नाही. यात सात मिनिटं धरा.

मग चढण. एवढ्याशा मार्गावर १५ हजार फुटांच्या आसपास जातो. चढताना वेग कमी असतो, सरासरी १९० नॉटच्या आगेमागे. तिथे पोचायला १३ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ४० मैल (इथून पुढे नॉटिकलच) मागे पडलेले असतात.

आता उलट्या टोकाकडून बघा. उतरायला कधी लागायचं, याचा आमचा पाठ असा : प्रत्येक हजार फुटांमागे तीन मैल. १५ हजार फूट म्हणजे ४५ मैल आधीपासून उतरण सुरू. तिला साधारण १२ मिनिटं.

१३० मधून ४० आणि ४५ वजा करा. राहिले ४५ मैल. २७० नॉटने ते १० मिनिटांत संपतात. म्हणजे ज्या वेगावर संकेतस्थळाने सगळा हिशोब मांडलाय, त्या वेगाने विमान सगळ्या प्रवासात दहाच मिनिटं असतं.

शेवटी उतरणं. वारा ज्या बाजूने असेल त्याच्या तोंडावर उतरायचं असतं, त्यामुळे तुम्ही पूर्वेकडून आलात आणि धावपट्टीचं वापरातलं टोक पश्चिमेला असलं, की विमानतळ ओलांडून पुढे जाऊन वळून यावं लागतं. आमचं नेहमीचं वळण सेकंदाला तीन अंशांचं, म्हणजे उलट फिरायलाच एक मिनिट जातं. या सगळ्याला पाच मिनिटं. उतरल्यावर पुन्हा बॅकट्रॅक आणि उभं राहणं, चार मिनिटं.

बेरीज : ७ + १३ + १० + १२ + ५ + ४ = ५१. वेळापत्रकातले ५५ कसे आले ते आता दिसेल.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की अंतर दुप्पट, ४८० किमी केलं, तर वाढतो फक्त मधला तुकडा. आणखी १३० मैल, २७० नॉटने २९ मिनिटं. एकूण ८०. अंतर दुप्पट, वेळ दीडपटीच्या जरा वर. म्हणून जवळच्या दोन विमानतळांसाठी 'अंतर भागिले वेग' हे सूत्र सर्वांत वाईट फसतं, आणि विमानतळ जितके जवळ तितकं जास्त फसतं.

निळी_शाई

फार छान समजावलंत. मग त्याच मार्गावर जेट ठेवलं तर वेळ निम्मा होईल का?

टर्बोप्रॉप

नाही. जेटला वेग मिळतो तो ३०-३५ हजार फुटांवर, आणि २४० किमीत तिथे जाऊन लगेच उतरावं लागेल, म्हणून तेही खालीच राहतं. शिवाय १० हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा बऱ्याच देशांत आहे. टॅक्सी, बॅकट्रॅक, वळसा हे सगळं तसंच. पाच-दहा मिनिटं वाचतील, इंधन मात्र बरंच जास्त जाईल. आणि छोट्या धावपट्टीवर बऱ्याच जेटना उतरताच येत नाही, तो प्रश्न वेगळाच.

डोंगरकडा

एक गोष्ट राहिली : सरळ रेषा ही रेषा म्हणून उडता येते का?

नेपाळमधलं पोखरा-जोमसोम पाहा. उड्डाण सुमारे वीस मिनिटांचं. पण छोटं विमान धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या दरीतून जातं. नकाशावरची सरळ रेषा डोंगरातून जाते, विमान दरीतून. वर दरीतला वारा सकाळ सरताना जोर धरतो, म्हणून तिथली उड्डाणं सकाळीच उरकतात. तिथे 'वीस मिनिटं' हे खरं आहे, पण सकाळच्या ठरावीक तासांपुरतं. दुपारी त्याच अंतराला पुढचा दिवस उजाडावा लागतो.

लुक्ला तर त्याहून कठीण. उंची २८४५ मीटर, धावपट्टी ५२७ मीटर, आणि तिला जवळपास १२ टक्के चढ. उतरायचं चढाच्या दिशेने आणि उडायचं उताराच्या दिशेने, वारा कुठूनही असो. समोर डोंगर असल्यामुळे ऐन वेळी पुन्हा वर उचलून फेरी मारायची सोय नाही. त्यामुळे ढग किंवा वारा नको तसा असला की विमान सुटतच नाही.

सपाट मुलखातही लष्करी हद्दी, ठरलेले हवाई मार्ग, यामुळे थोडा वळसा पडतो. पण डोंगर असेल तर सरळ अंतराला फारसा अर्थच राहत नाही.

वातकुक्कुट

वाऱ्यावर कोणी सविस्तर लिहिलं नाही, मी लिहितो. भौतिकशास्त्र शिकवतो, आणि हा माझा आवडता भाग आहे.

पुष्कळांना वाटतं की जाताना वारा पाठीशी, येताना समोर, म्हणजे एकूण हिशोब बरोबरीत सुटतो. तसं होत नाही. ३०० किमीचा मार्ग घ्या आणि ताशी २८० किमीचं छोटं विमान. वारा नसेल तर जायला ६४ मिनिटं, यायला ६४, मिळून जवळपास १२९. आता ताशी ६० किमीचा वारा. जाताना जमिनीवरचा वेग ३४०, वेळ ५३ मिनिटं. येताना २२०, वेळ ८२. बेरीज १३५. कारण सरळ आहे : प्रतिकूल वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, अनुकूल वाऱ्यात कमी. त्यामुळे तोटा नेहमी फायद्याहून मोठा.

हेच ताशी ५०० किमीच्या विमानाला लावा. ३२ आणि ४१, मिळून ७३, एरवी ७२ झाली असती. म्हणजे हळू विमानाला वारा जास्त झोंबतो. जाण्यायेण्यातला फरक एका विमानात ९ मिनिटांचा, दुसऱ्यात २९ चा. छोट्या विमानतळांवर बहुधा हळू विमानंच येतात, त्यामुळे 'हे उड्डाण एक तासाचं' असं दिशा न सांगता म्हणणं अपुरं आहे.

अक्षवृत्त

आणि वारा काटकोनात बाजूने असेल तर? तेव्हा तरी वेळ तोच राहतो का?

वातकुक्कुट

नाही, तेव्हाही थोडं नुकसान. सरळ मार्गावर राहायला विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उडावं लागतं. वरच्या उदाहरणात सुमारे १२ अंश. पुढे जाण्याच्या कामी येणारा वेग २८० ऐवजी २७३ च्या आसपास उरतो. ३०० किमीत दीडेक मिनिट जातं, आणि ते जाताना आणि येताना दोन्ही वेळा.

समुद्रपक्षी

या सगळ्याचं टोकाचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा. अंतर सुमारे २.७ किमी. १९६७ पासून चालू आहे, लोगनएअरचं आयलँडर जातीचं दोन इंजिनांचं छोटं विमान जातं. वेळापत्रकात २ मिनिटं, हवा अनुकूल असेल तर त्याहून कमी, आणि विक्रम ५३ सेकंदांचा.

वरचं गणित इथे लावून बघा. ५३ सेकंद आणि २ मिनिटं यांत दुपटीहून जास्त फरक आहे, आणि अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही. वारा आणि धावपट्टीची दिशा जुळली तर सरळ उडून सरळ उतरायचं, नाही जुळली तर वळसा. २.७ किमीवर एक वळणसुद्धा केवढं मोठं! तिथले शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी रोजच्या कामासाठी हे विमान धरतात, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

त्याच देशात बारा नावाच्या बेटावर समुद्रकिनाऱ्याची वाळू हीच धावपट्टी आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते, म्हणून विमानाच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरवतात. उड्डाण कितीही छोटं असो, 'आज किती वाजता' हे चंद्र ठरवतो.

दूरचा_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेटकं उत्तर कुठेच मिळालं नव्हतं. आता दोन गोष्टी विचारते. पहिली : जिथे ठरलेली सेवा नाही, तिथे आम्ही वापरू शकू असं एखादं साधं सूत्र आहे का? दुसरी : पहिलं विमान उतरणं आणि दुसरं सुटणं यांत ४० मिनिटं असतील तर ती जोडणी लोकांना सुचवावी का?

रात्रपाळी

दुसऱ्याचं आधी. रुग्ण सोबत असेल तर सुचवू नका. वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा. त्यात कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात, पण छोट्या विमानतळांवर उशीर साचत जातो. एकच विमान दिवसभर पाच-सहा टप्पे करतं, सकाळच्या पहिल्या टप्प्याला धुक्याने अर्धा तास गेला की तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येतो. सकाळचं पहिलं उड्डाण त्यातल्या त्यात भरवशाचं, धुक्याचा हंगाम सोडून.

आणि दोन गोष्टी प्रत्येक विमानतळाबद्दल आधीच विचारून ठेवा. धावपट्टीला दिवे आहेत का? नसतील तर सूर्यास्तानंतर उतरता येत नाही, म्हणजे दुपारच्या उशिराचं रद्दीकरण होतं. ढगांतून उतरायला उपकरणांची सोय आहे का, आणि कुठल्या पातळीची? सोय साधी असेल तर मोठ्या विमानतळावर सहज उतरता आलं असतं अशा हवेत विमान दुसरीकडे वळवावं लागतं. मग २४० किमीच्या प्रवासाचं शेवटचं टोक भलत्याच गावात असतं आणि तिथून पुढे रस्ता.

टर्बोप्रॉप

सूत्राचं मी सांगतो. अंतर भागिले त्या विमानाचा खरा वेग, अधिक एक ठरावीक भर. ७० आसनी टर्बोप्रॉपला २७० नॉट आणि २२ मिनिटं. पडताळून पाहा : १३० मैलांना २९ + २२ = ५१, आणि २६० मैलांना ५८ + २२ = ८०, वरचेच आकडे. ट्विन ऑटरसारखं १९ आसनी विमान १५० नॉटच्या आसपास जातं, पण फार वर चढत नाही, म्हणून भर १३ मिनिटांची पुरते. १३० मैलांना ५२ + १३ = ६५. वारा समोरून असेल तर वेगातून तो आधी वजा करा, मग भागा. डोंगराळ भागात यातलं काहीच वापरू नका, तिथे नेहमी उडणाऱ्यालाच विचारा.

१३० मैलांहून फार कमी अंतर असेल तर विमान पूर्ण उंची गाठतच नाही, तेव्हा भर थोडी कमी होते. पण तुमच्या कामासाठी ती कमी करू नका.

डोंगरकडा

रस्त्याशी तुलना करतानाही काळजी घ्या. रस्ता सरळ रेषेपेक्षा साधारण १.२ ते १.४ पट लांब असतो. २४० किमीच्या जागी ३००-३३० किमी. चांगल्या रस्त्याने पाच-साडेपाच तास. विमानाची ५१ मिनिटं, अधिक दोन्ही टोकांचे रस्ते, अधिक आधी पोचायचा वेळ मिळून तीन-साडेतीन तास सहज होतात. माझ्या मते सपाट भागात १५० किमीच्या आत रस्ताच बरा. मध्ये समुद्र किंवा डोंगर आला की हे मत लागू नाही.

रात्रपाळी

दूरचा_किनारा, रुग्णांचा विषय आहे म्हणून शेवटची एक भर, कारण ही गोष्ट वेळेच्या अंदाजात कोणी धरत नाही.

दाब राखणाऱ्या विमानातही आतली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. उंचावर ती साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. ८ हजार फुटांच्या दाबाला शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरलेला असेल, तर डॉक्टर आतला दाब समुद्रसपाटीइतका ठेवायला सांगतात. तसा दाब ठेवायचा तर विमानाला खालून उडावं लागतं. खाली हवा दाट, म्हणून वेग कमी आणि इंधन जास्त, आणि खालच्या ढगांतले धक्केही सोसावे लागतात. मग वरच्या सूत्रातला वेग कामाचा राहत नाही, कधी मध्ये इंधनासाठी थांबावंही लागतं.

त्यामुळे रुग्णवाहिका-विमान विचारताना अंतराच्या आधी आजार सांगा. आणि वेळ विचारताना धावपट्टी ते धावपट्टी विचारू नका, खाट ते खाट विचारा. स्ट्रेचर चढवणं, उपकरणं बांधणं, दोन्ही टोकांची रुग्णवाहिका हे सगळं त्यात येतं, आणि जवळच्या दोन विमानतळांमध्ये हा वेळ हवेतल्या वेळापेक्षा जास्त निघतो.

दूरचा_किनारा

हे आमच्या तक्त्यात आजच घालते. वेळेच्या एका रकान्याचे तीन करते : हवेतला, सुटणं ते पोचणं, आणि खाट ते खाट. शेजारी धावपट्टीचे दिवे आणि उतरण्याची सोय यांचे दोन रकाने. टर्बोप्रॉप, नऊ आसनांच्या एक इंजिनी विमानासाठी वेग आणि भर किती धरू, तेही सांगाल का?

टर्बोप्रॉप

कॅरॅव्हॅन जातीचं असेल तर १६० नॉट आणि १२-१३ मिनिटं धरा, तुमच्या १३० मैलांना एक तासाच्या जरा वर. काही देशांत एक इंजिनी विमानाला रात्री किंवा ढगांतून प्रवासी नेण्यावर बंधनं आहेत, तो सहावा रकाना करा.